पाटावरचं टोकन

ती घटना आठवली की अजूनही मला एका जागी बसवत नाही. निवृत्त होऊन काही वर्षं झाली. विरार पूर्वेला राहतो, सकाळी वर्तमानपत्र वाचतो, गुन्ह्यांच्या बातम्यांत वार्ताहरांनी घातलेले कलमांचे घोळ काढतो आणि दुपारी पडतो. पण दसरा जवळ आला, फुलपाड्याच्या नाक्यावर झेंडूचे ढीग लागले, की माझ्या येरझाऱ्या सुरू होतात. बायको म्हणते, "झालं, निघाली तुमची गाडी." तिला सगळं पाठ आहे. वाचकांना मात्र पहिल्यापासून सांगायला हवं. नावं कुणाचीच देणार नाही. त्या माणसांचं भोगायचं ते भोगून झालं आहे.

तेव्हा मी वसईतल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. दसऱ्याच्या सकाळी ठाण्यात शस्त्रपूजा झाली. रायफली पुसून चादरीवर ओळीने मांडल्या, झेंडूच्या माळा घातल्या, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, पेढे वाटले. या पूजेत एक गोष्ट आमच्याकडे नेमाने पाळली जायची. दारावर पहारा देणाऱ्या शिपायाची रायफल त्या चादरीवर येत नसे. हवालदार स्वतः ताट घेऊन दारापर्यंत जायचा आणि रायफल शिपायाच्या हातात असतानाच तिला कुंकवाचं बोट लावायचा. नोकरीला लागल्यापासून हेच पाहत आलो होतो, त्यामुळे त्यात मला काही विशेष वाटत नव्हतं.

संध्याकाळी घरी जाऊन चार ठिकाणी सोनं द्यायचं म्हणून आपट्याची पानं खिशात टाकली, आणि तेवढ्यात एका रुग्णालयातून कळवलं गेलं की चौथीतली एक मुलगी घोटा चिरडलेल्या अवस्थेत आणली आहे. अशी दुखापत रुग्णालयाला पोलिसांना कळवावीच लागते. पाठोपाठ मुलीचे वडील ठाण्यात आले. फुलपाड्यात राहणारा, मुंबईत नोकरी करणारा माणूस. शर्टवर मुलीचं रक्त होतं.

"माझ्या पोरीचा पाय रेल्वेत गेला," ते म्हणाले.

आमच्या ठाणे अंमलदाराने पेन खाली ठेवलं. "मग हे लोहमार्ग पोलिसांकडे न्यावं लागेल. आपल्या हद्दीत येत नाही."

"अहो, ती रेल्वे नाही! वाडीतली रेल्वे! बागेतली! छोटी!" बिचारे दोन्ही हातांनी उंची दाखवत राहिले. "आम्ही एन्जॉय करायला गेलो होतो हो तिथे."

मी गाडी काढायला सांगितली.

पापडीच्या पुढे, खाडीच्या अंगाला ती वाडी आहे. केळी, सोनचाफा, मोगरा आणि पानवेलींचे मांडव. वाडीमालक साठीच्या पुढचे, पिढ्यानपिढ्या तिथलेच शेतकरी. त्यांच्या वाडीत, घराच्या ओट्यापासून मागच्या विहिरीपर्यंत, खरोखरच रूळ टाकलेले होते. दोन रुळांमधलं अंतर माझ्या वितीएवढं. त्यावर बाकड्यासारखे बुटके डबे. बसणाऱ्याने बाकड्याच्या दोन्ही बाजूंना पाय सोडायचे आणि खालच्या फळीवर टेकवायचे. पुढे इंजिन, दिसायला वाफेचं, पोटात बॅटरी. अशी दोन इंजिनं. चालक इंजिनाला जोडलेल्या बैठकीवर बसायचा आणि त्याच्या पाठीमागे प्रवासी. सुट्टीच्या दिवशी ओळखीपाळखीची मुलं येत, फुकट फेऱ्या होत आणि वाडीमालकांच्या पत्नी, म्हणजे काकू, सगळ्यांना सरबत देत.

हे सगळं बनवणारा माणूस म्हणजे तात्या. एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले, एव्हरशाईन सिटीत एकटे राहणारे. वाडीमालकांची आणि त्यांची दोस्ती जुनी. एकाकडे जागा होती, दुसऱ्याकडे हात होते, आणि दोघांनाही वेड एकच होतं.

अपघात पानवेलींच्या मांडवाशी, वळणावर झाला होता. विहिरीकडून तात्यांची गाडी प्रवासी घेऊन येत होती, घराकडून वाडीमालक दुसरं इंजिन घेऊन निघाले होते. मांडवामुळे वळणापलीकडचं दिसत नाही. दोन्ही इंजिनं समोरासमोर आदळली. मागची माणसं गवतात फेकली गेली, त्यांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पण तात्यांच्या पाठीशी बसलेल्या त्या मुलीचा पाय फळी आणि चौकटीच्या मध्ये सापडला.

पंचनामा करताना मी विहिरीजवळ एक पत्र्याचा फलक पाहिला. तात्यांनी स्वतः रंगवलेला. पहिल्या फेरीआधी एकाने पूर्ण रूळ चालत तपासावा. पाय फळीवर, हात आत. ओढणी कमरेला बांधावी. लहान मुलामागे मोठं माणूस. चालत्या गाडीत उठू नये. आणि सगळ्यात खाली, लाल अक्षरांत: टोकन हातात नसेल तर चालकाने गाडी हलवू नये.

टोकन म्हणजे पितळेची कडी, बांगडीहून मोठी, तिच्यावर 'घर – विहीर' असं कोरलेलं. रूळ एकच आणि गाड्या दोन. तेव्हा ती कडी ज्याच्या हातात त्याचीच गाडी रुळावर. तो पलीकडे पोचला की कडी दुसऱ्याच्या हाती द्यायची, मगच दुसऱ्याने निघायचं. कडी एकच, त्यामुळे रुळावर दोन गाड्या येण्याचा प्रश्नच नाही. एकेरी मार्गाच्या मोठ्या रेल्वेतही पूर्वी हीच रीत होती. मला ती कल्पना ऐकूनच आवडली.

अपघाताच्या वेळी ती कडी वाडीमालकांच्या मनगटात होती.

"बघा तुमीच," ते म्हणाले. त्यांनी मनगट माझ्यासमोर धरलं. "टोकन माज्या हातात. मी कोनाला विचारायला थांबू? पोरीच्या पायाचं पाप मी कोनाच्या माथी मारू, साहेब? ह्यानंच मला शिकवलं, टोकन नाय तर गाडी नाय. आन ह्योच बिनटोकनाचा निघाला!"

तात्या दहा पावलांवर उभे होते. बरगडीला मार लागला होता म्हणून एका बाजूला कललेले. त्यांनी मित्राकडे पाहिलं नाही आणि मित्राने त्यांच्याकडे पाहिलं नाही. मी कडी मुद्देमाल म्हणून ताब्यात घेतली, पाकिटात घालून लाखेची मोहर केली.

प्रकरण सोपं होतं. तेव्हा भारतीय दंड संहिता चालू होती, कलम ३३८, निष्काळजीपणाने गंभीर दुखापत. आरोपी ठरल्यासारखा होता. तात्यांना नोटीस देऊन दुसऱ्या दिवशी ठाण्यात बोलावलं. ते वेळेच्या आधी येऊन बाकावर बसले. हातातल्या पिशवीत औषधं, टॉवेल आणि एक सदरा होता. म्हणजे तुरुंगात जायची तयारी करून आले होते.

"मुलगी कशी आहे?" त्यांनी पहिल्यांदा हेच विचारलं.

"शस्त्रक्रिया झाली. पाय वाचला, चालेल कशी ते डॉक्टर आत्ता सांगू शकत नाहीत. तुम्ही सांगा, निघताना टोकन का घेतलं नाहीत?"

"माझ्या हातात टोकन नव्हतं. चूक माझी."

"का नव्हतं, ते विचारतोय."

"नव्हतं. लिहून घ्या साहेब, मी सही करतो."

"दारू घेतली होती?"

"तपासणी झाली ना रात्रीच? नव्हती."

"विसरलात?"

त्यांनी पिशवीतला टॉवेल काढला आणि पुन्हा घडी घालून आत ठेवला.

मी आयुष्यभर माणसांना प्रश्न विचारले आहेत. गुन्हा केलेला माणूस कारण सांगतो. खरं असो, खोटं असो, कारण सांगितल्यावाचून त्याला राहवत नाही. पाकीटमारसुद्धा घरच्या आजारपणापासून सुरुवात करतो. या माणसाने कारण द्यायचंच नाही असं ठरवलेलं होतं. मी उलटसुलट विचारलं, आवाज चढवला, चहा मागवला, चहा निवला, मी खोलीत फेऱ्या मारल्या, ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. सगळा वेळ एकच वाक्य: माझ्या हातात टोकन नव्हतं. 'मी विसरलो' असं ते एकदाही म्हणाले नाहीत.

तिकडे मुलीचे वडील रोज येत. "अजून अटक का नाही? गरिबाच्या पोराने बाइक ठोकली तर लगेच आत टाकता." त्यांचा राग रास्त होता. मी त्यांना सांगितलं की गुन्हा जामीनपात्र आहे, अटक केली तरी तासाभरात सुटतील. ते म्हणाले, "मला शिक्षा हवीय. माझी पोर झोपेत ओरडते, आली, आली, म्हणून."

दोषारोपपत्रासाठी आणखी एक गोष्ट लागणार होती. अशी गाडी चालवायला परवानगी कुणाची लागते? म्हटलं, परवानगी नव्हती एवढं तरी सिद्ध करू. पत्रं पाठवली. एका कार्यालयाने कळवलं की हा खेळणा-रूळ असून रेल्वेच्या व्याख्येत बसत नाही. जत्रेतल्या पाळण्यांना परवाने देणाऱ्यांनी कळवलं की तिकीट नसल्याने ही करमणूक धरता येत नाही. वाहनांचा विभाग म्हणाला, रस्त्यावर चालत नाही ते वाहन आमचं नाही. बांधकामवाले म्हणाले, पाया नाही. मुलीचा घोटा ज्यात चिरडला ते कागदोपत्री कशातच मोडत नव्हतं. सगळ्या उत्तरांवर जावक क्रमांक मात्र ठसठशीत होते. मी ती फाइल टेबलावर आपटली तेव्हा आमच्या हवालदाराने हळूच पंखा एकने वाढवला.

म्हणजे त्या गाडीला जगात एकच नियमावली होती. तात्यांनी रंगवलेला तो पत्रा. आणि ज्या माणसाने तो रंगवला, त्यानेच त्यातला लाल अक्षरांचा नियम मोडला, असं मी न्यायालयात सांगणार होतो. कुठेतरी पाणी मुरत होतं. मला जेवण जाईना. रात्री उठून गॅलरीत उभा राहायचो. बायको म्हणायची, "एवढ्या खुनांच्या केसेस केल्यात, तेव्हा घोरत होतात." खुनात निदान कुणाला तरी काहीतरी हवं असतं. इथे कुणालाच काही नको होतं.

एके दुपारी ठाण्याच्या फोनवर एका बाईचा आवाज आला. ठाणे अंमलदाराने नाव विचारलं तर सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "त्या मुलीला विचारा ना, गाडीत तिच्या डोक्यावर काय होतं." आणि फोन ठेवला. पापडीतल्या एका दुकानातला नंबर निघाला. दुकानदाराला आठवत नव्हतं, किंवा आठवायचं नव्हतं.

मी महिला शिपायाला घेऊन रुग्णालयात गेलो. मुलीची आई शेजारी बसली होती. मुलगी हुशार होती, पायाचं प्लास्टर दाखवून त्यावर कुणी कुणी सह्या केल्या ते सांगत होती. मी विचारलं, "गाडीत तुझ्या डोक्यावर काय होतं गं?"

"मुकुट."

"कसला मुकुट?"

"खरा नाही. ते गोल असतं ना, दोरीचं. आजोबांच्या हातात होतं. गाडी चालवताना ते सारखं खाली पडत होतं म्हणून मी म्हटलं मी धरते. मग मी डोक्यावर ठेवलं. आजोबा हसले."

आईने मोबाइल काढला. दुसऱ्या फेरीला गाडी सुटताना तिने फोटो घेतला होता, त्यानंतर तो उघडून बघायची तिची हिंमत झाली नव्हती. फोटोत तात्यांच्या पाठीशी मुलगी, आणि तिच्या डोक्यावर चुंबळ. फुलांची पाटी किंवा पाण्याचा हंडा डोक्यावर घेताना बायका खाली ठेवतात ती काथ्याची जाड कडी. वाडीत प्रत्येक घरात असते. पण नातवंडाच्या वयाच्या मुलांना फेरी मारायला निघालेल्या म्हाताऱ्या फिटरच्या हातात चुंबळ कशाला?

ठाण्यात आलो. पंचांना बोलावून त्यांच्यासमोर मुद्देमालाचं पाकीट उघडलं. पितळेची कडी उजेडात धरली आणि 'घर – विहीर' या कोरलेल्या अक्षरांत बोटाने चाचपलं. बोटाच्या टोकाला लाल लागलं. रक्त असेल म्हणून पंच मागे सरकले. मी वास घेतला. कुंकू होतं. एका खाचेत झेंडूची पाकळीही वाळून बसली होती. दसऱ्यानंतर आमच्या रायफलींच्या खाचांतून हेच कोरून काढताना शिपाई वैतागतात.

मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या दिवशी दसरा होता. टोकन पूजेला बसवलं होतं.

महिलांना जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, त्यांच्या घरी जावं लागतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीत गेलो. वाडीमालक बाजारात फुलं द्यायला गेले होते. ओट्यावर काकू आणि त्यांची सून होती. सून तिशीतली, मुंबईच्या बाजूची, लग्न होऊन वाडीत आलेली. तात्यांनी तिलाही गाडी चालवायला शिकवलं होतं आणि विहिरीकडचं स्टेशन तीच सांभाळायची. मला पाहून तिने डोळे खाली घातले. फोन कुणी केला ते मला तिथेच कळलं. विचारलं नाही. माहिती देणाऱ्याचं नाव विचारू नये, हा आमच्या खात्यातला जुना शहाणपणा आहे.

मोरीजवळ पाण्याचा हंडा काथ्याच्या चुंबळीवर ठेवलेला होता.

"काकू," मी म्हटलं, "दसऱ्याला तुमच्याकडे पाटावर काय काय मांडता?"

काकूंचा चेहरा बंद झाला. "कोयता, फावडा, पान्याच्या पंपाचा पाना. जे असतं ते."

"आणि टोकन?"

"देवाच्या गोष्टी पोलिसात कशाला?" त्या उठायला लागल्या. "त्या पोरीसाठी मी नवस बोललीय. आनखी काय पायजे तुमाला?"

"आई, बस झालं!" सून एकदम म्हणाली. तिचा आवाज फुटला. "तात्या जेवत नाहीयेत. पप्पा त्यांचं नाव काढू देत नाहीत घरात. किती दिवस? साहेब, चुंबळ मी दिली. मी दिली त्यांच्या हातात."

मग तिने सांगितलं आणि महिला शिपायाने लिहून घेतलं. दसऱ्याच्या सकाळी नेहमीप्रमाणे अवजारांची पूजा झाली. त्या वर्षी पहिल्यांदाच टोकनही पाटावर बसलं. एवढा मान त्याला मिळाला म्हणून तात्या सगळ्यांत खूश होते. वाडीमालक दुपारी नातेवाइकांकडे सोनं द्यायला गेले. नंतर मुलं आली, फेरी हवी म्हणून नाचायला लागली. तात्या म्हणाले, टोकन आणा. काकू म्हणाल्या, पाटावर बसवलेलं दिवेलागणीआधी उचलायचं नाही, घरात कधी उचललेलं नाही. दुसरं इंजिन तर हार घालून घरापाशी उभं आहे, मालक बाहेर आहेत, रुळावर येणार कोण? तरी तात्या निघेनात. रिकाम्या हाताने त्यांना गाडी हलवताच येईना. मुलं रडायला लागली. तेव्हा सुनेने मोरीवरची चुंबळ आणली आणि हसत त्यांच्या हातात दिली: "हे घ्या तात्या, आजचं टोकन." काकूही म्हणाल्या, "आजच्या दिवस चालवून घ्या." तात्यांनी दोघींचं मन राखलं.

फेऱ्या संध्याकाळपर्यंत चालल्या. दिवेलागणीला वाडीमालक परत आले. देवापुढे दिवा लावला, पाटावर सोनं वाहिलं, आणि दसऱ्याचं सीमोल्लंघन म्हणून हार घातलेलं इंजिन विहिरीपर्यंत न्यावं असं त्यांच्या मनात आलं. पाटावरचं टोकन उचलून मनगटात घातलं आणि ते निघाले. टोकन पाटावर आहे, त्याअर्थी रुळावर कुणी नाही. तात्यांनी शिकवलेला नियम त्यांनी अक्षरशः पाळला. काकू तेव्हा मागच्या दारी शेजारणींना सोनं देत होत्या. त्यांना इंजिनाचा आवाज आला, त्या धावत आल्या, तोवर मांडवाकडून किंकाळी ऐकू आली.

काकू पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. "माज्यानंच झालं," त्या म्हणाल्या. "पन देवाचा पाट कसा मोडू मी?"

मी त्यांना आमच्या ठाण्याच्या दारावरच्या शिपायाची गोष्ट सांगितली. पूजा त्याच्याही रायफलीची होते, पण ताट तिच्याकडे जातं, ती ताटाकडे येत नाही. दार उघडं पडेल ना. काकूंनी मला परत एकदा तेच सांगायला लावलं.

तात्यांना बोलावून मी वाडीतून आणलेली ती चुंबळ टेबलावर ठेवली. वाटलं होतं, सुटल्यासारखं वाटेल त्यांना. ते उलट माझ्यावरच उखडले. इतक्या दिवसांत त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला.

"कशाला खोदलंत साहेब? काय मिळालं? त्या पोरीचं नाव आता कागदावर येणार. सासुरवाशीण आहे ती. उद्या कुणीही म्हणेल, सुनेने चुंबळ दिली म्हणून मुलीचा पाय गेला."

"म्हणून तुम्ही गप्प होतात?"

"आणि नसतो तर काय वेगळं होतं?" त्यांनी चुंबळीकडे बोट केलं. "ती पोर गंमत करत होती. तिला काय माहीत? मला माहीत होतं. चुंबळ हातात घेतली तेव्हाच मला कळलं होतं की हे टोकन नव्हे. नाही म्हणायला हवं होतं. मुलं रडली असती, काकू रुसल्या असत्या. एक दिवस रुसल्या असत्या. मी हो म्हटलं, आणि मग ती मुलीच्या डोक्यावर ठेवू दिली, कारण तिची किंमत मला ठाऊक होती. काही नाही. शून्य. माझ्या हातात टोकन नव्हतं, हे मी तुम्हाला पहिल्या दिवसापासून सांगतोय."

मी हे त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं.

त्या संध्याकाळी वाडीमालक ठाण्यात आले. सुनेने त्यांना सगळं सांगितलं होतं. तात्या बाकावर बसले होते. वाडीमालक त्यांच्या शेजारी जाऊन बसले. मग वाडीमालक म्हणाले, "जेवलास काय?" तात्यांनी नाही म्हणून मान हलवली. "चल मग," वाडीमालक म्हणाले आणि त्यांनी तात्यांची ती औषधांची पिशवी उचलली.

दोषारोपपत्र मी दोघांवर ठेवलं. मी कुणाला सोडून दिलं असं कुणी समजू नये. गाडी दोघांची, जबाबदारी दोघांची. सुनेचा जबाब साक्षीदार म्हणून जोडला. मुलीच्या वडिलांना मी स्वतः बसवून सगळं वाचून दाखवलं, कारण त्यांना शिक्षा हवी होती आणि कशाची ते त्यांना कळायला हवं होतं. ऐकून त्यांनी फोटोतल्या मुकुटावर बोट ठेवलं. "म्हणजे वाईट असा कुणीच नव्हता," ते म्हणाले, आणि चिडून म्हणाले, "मग मी ओरडू कुणावर?"

कालांतराने न्यायालयाच्या परवानगीने तडजोड झाली. वडिलांनी एक अट घातली, आणि ती मला अजून आवडते. गाडी कायमची बंद करा असं ते म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "तिला ती गाडी बंद झालेली बघायची नाहीये. तिला ती धडपणे चाललेली बघायचीय. नाहीतर ती आयुष्यभर झोपेत ओरडेल."

मग खरा कागदांचा खेळ सुरू झाला. कुठल्याच व्याख्येत न बसणाऱ्या वस्तूसाठी परवानगी मागायची म्हणजे सरकारी काम, सहा महिने थांब, याच्याही पलीकडचं. तात्या आणि वाडीमालक फाइल बगलेत मारून दारोदार फिरले. मीही निवृत्त झालो होतो, घरी बसून करणार काय, मीही फिरलो. परवाना देता येत नाही, पण हरकतही नाही, अशा अर्थाची चार पत्रं शेवटी मिळाली. एका अभियंत्याने रूळ, ब्रेक आणि चौकटी तपासून दाखला दिला. विमा उतरवला. वळणावरचा पानवेलींचा मांडव वाडीमालकांनी स्वतः मागे हटवला. पिकतं काढून टाकायला त्यांना किती जड गेलं असेल ते वाडीवाल्यांनाच कळेल.

त्या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. नियम नसल्यामुळे माणसं मरतात असं आपण म्हणतो. मी नोकरीत जे पाहिलं त्यात बहुतेक वेळा नियम होता, चांगला होता, आणि सगळ्यांना पाठही होता. तो कुणीतरी प्रेमाने जरा बाजूला ठेवला होता. कधी पाहुण्यांसाठी, कधी लहान मुलांसाठी, कधी देवासाठी. दुष्टाव्याने मोडलेला नियम पोलिसाला सापडतो. प्रेमाने बाजूला ठेवलेला सापडणं अवघड, कारण घरातलं प्रत्येक माणूस त्याच्यावर पांघरूण घालतं.

गाडी पुन्हा सुरू झाली ती दसऱ्यालाच. मुहूर्त काकूंनी काढला. मुलगी आई-वडिलांबरोबर आली होती. चालताना पायात थोडी ओढ राहिली आहे, ती राहणार. विहिरीपाशी गाडी उभी होती, तात्या इंजिनावर बसले होते, टोकन त्यांच्या मनगटात होतं. तेवढ्यात घराकडून काकू येताना दिसल्या. गुडघे दुखतात त्यांचे, तरी हातात पूजेचं ताट घेऊन त्या रुळाच्या कडेकडेने सगळी वाडी ओलांडून आल्या. सून मागे दिवा सांभाळत होती. काकूंनी तात्यांना हात पुढे करायला सांगितलं आणि टोकन त्यांच्या मनगटात असतानाच त्याला कुंकू लावलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुमच्या शिपायासारकं. बरोबर ना?"

"बरोबर," मी म्हटलं.

मुलगी गाडीकडे बघत उभी होती. बसायचं की नाही, तिचं ठरत नव्हतं. शेवटी तिने विचारलं, "समोरून दुसरी गाडी येणार नाही ना?"

"हे माझ्या हातात आहे तोवर नाही," तात्या म्हणाले आणि टोकन दाखवलं.

"मग मी धरू?"

तिचे वडील, मी, वाडीमालक, सगळे तात्यांकडे बघत राहिलो. त्या मुलीने त्या घडीला काहीही मागितलं असतं तर आमच्यापैकी प्रत्येकाने ते दिलं असतं.

"नाही बाळा," तात्या म्हणाले. "हे मी कुणालाच देत नाही."

मुलीने क्षणभर त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग ती त्यांच्या पाठीमागे बसली, दोन्ही पाय नीट फळीवर टेकवले आणि त्यांचा सदरा घट्ट धरला. शिट्टी झाली, गाडी हलली, केळींच्या आड दिसेनाशी झाली. ती परत येईपर्यंत तिचे वडील विहिरीच्या या बाजूला येरझाऱ्या घालत होते आणि मी त्या बाजूला.